वृंदावनातून कुंडीत आलेली तुळस

बीडच्या उत्तरेस, गोदावरीच्या उजव्या तीरापासून पसरलेल्या गेवराई तालुक्यात घर म्हटले की तुळस आलीच. जुन्या गावठाणातील दगडमातीच्या घरांत ती अंगणातल्या वृंदावनात असते, तर सोलापूर-धुळे महामार्गालगत वाढलेल्या नव्या वसाहतींत गच्चीवर किंवा जिन्याच्या कठड्यावर कुंडीत. झाड तेच, पाणी घालणारे हातही बहुधा त्याच घरातले. तरीही पुष्कळ कुंड्यांमध्ये काही महिन्यांतच खाली उघड्या काड्या आणि वर वाळलेल्या मंजिऱ्या एवढेच उरते. मग ‘आमच्याकडे तुळस टिकत नाही’ असे म्हटले जाते. काही घरांत तुळस वाळणे हा अपशकुन समजतात, आणि त्याचा ठपका घरातल्या बाईवर, विशेषतः नव्या सुनेवर, ठेवायलाही मागेपुढे पाहत नाहीत.

एखादे झाड वाळले तर त्याचे कारण मुळांत, मातीत, पाण्यात किंवा उन्हात शोधावे लागते. परंतु तुळशीच्या बाबतीत आणखी एका ठिकाणी पाहणे उपयोगाचे ठरते, ते म्हणजे तिचा इतिहास. वृंदावनाचा आकार आणि वर्षभराचे सणवार मिळून आपल्याकडे तुळशीच्या लागवडीची एक पद्धतच तयार झालेली होती. कुंडीत आपण झाड आणले, पण ती पद्धत मागेच राहिली.

सुरसा ते ऑसिमम

चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत ‘सुरसा’ नावाची वनस्पती येते. वैद्यपरंपरेत ती तुळसच मानली जाते. सुश्रुतसंहितेत तर तिच्या नावाने औषधींचा एक ‘सुरसादि गण’ आहे. पद्मपुराणात जालंधर आणि वृंदा यांची कथा येते व तुळशीला पूज्य स्थान मिळालेले दिसते. औषधाची वनस्पती आणि पूजेची वनस्पती असे हे दोन प्रवाह पुढे घराच्या अंगणात एकत्र आले.

युरोपीय वनस्पतिशास्त्रात तुळशीला दोन नावे मिळाली. स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५३ साली ‘स्पीशिज प्लँटारम’ या ग्रंथात एका वनस्पतीला ‘ऑसिमम टेन्यूइफ्लोरम’, म्हणजे बारीक फुलांची, असे नाव दिले. चौदा वर्षांनी, १७६७ मध्ये, त्यानेच ‘ऑसिमम सँक्टम’, म्हणजे पवित्र, असे आणखी एक नाव प्रसिद्ध केले. या दोन वनस्पती एकच आहेत हे नंतर स्पष्ट झाले. नामकरणाच्या नियमाप्रमाणे आधीचे नाव ग्राह्य धरतात, म्हणून आज ‘टेन्यूइफ्लोरम’ हे नाव योग्य मानले जाते. जुन्या पुस्तकांत मात्र ‘सँक्टम’ सर्रास आढळते. विद्यार्थ्याने दोन पुस्तकांत दोन नावे दाखवली, तर त्यामागे ही गोष्ट आहे.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हरितलवकांतील डीएनएवर आधारलेल्या एका अभ्यासात तुळशीचे मूलस्थान उत्तर-मध्य भारत असावे असा निष्कर्ष काढला आहे. पुढच्याच वर्षी बंगळूर आणि लखनौ येथील दोन वेगवेगळ्या गटांनी तिचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध केला. पानांवरील सूक्ष्म तैलग्रंथींत युजेनॉल व इतर सुगंधी द्रव्ये साठतात. पान चुरगळले की या ग्रंथी फुटतात आणि वास येतो. लवंगेच्या तेलातही हेच युजेनॉल असते. कृष्णतुळशीचा जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे येतो. रामतुळशीत ती कमी असतात. सब्जा आणि रानतुळस या तुळशीच्या प्रजातीतल्याच, पण वेगळ्या जातीच्या वनस्पती आहेत. कापूरतुळस तर मूळची पूर्व आफ्रिकेतली आणि तिच्या शास्त्रीय नावात किलिमांजारो पर्वताचे नाव आहे.

वृंदावन : एक उंच वाफा

आता वृंदावनाकडे श्रद्धेचे स्थान म्हणून नव्हे, तर केवळ एक बांधकाम म्हणून पाहू या. ते साधारण कमरेएवढे किंवा त्याहून उंच असते, दगडाचे वा विटांचे. आत पोकळी असते आणि ती मातीने भरलेली असते. पुष्कळ वृंदावनांना तळ नसतो. आतली माती थेट जमिनीच्या मातीला मिळालेली असते. बाजूला दिव्यासाठी कोनाडा असतो. जागा बहुधा अंगणाच्या किंवा चौकाच्या मध्यावर, म्हणजे घरातील सर्वाधिक उघड्या जागी असते.

यातली प्रत्येक गोष्ट झाडाच्या सोयीची आहे. उंचीमुळे शेळ्या आणि कोंबड्यांचा उपद्रव टळतो. तळ नसल्याने जास्तीचे पाणी जमिनीत मुरते आणि मुळे हवी तितकी खोल जातात. दगडामातीचा जाड थर उन्हाळ्यात मुळांभोवतीची माती एकाएकी तापू देत नाही. मध्यावरच्या जागेमुळे दिवसातले कित्येक तास ऊन मिळते. कोनाड्यामुळे दिव्याची आच पानांना लागत नाही. वृंदावन बांधणाऱ्यांनी हा सारा विचार करूनच ते बांधले, असा दावा करण्याचे कारण नाही. पण जे रूप पिढ्यान्‌पिढ्या टिकले त्यात तुळस चांगली जगत होती, एवढे निश्चित म्हणता येते.

दारची तुळस ही घराची ओळख किती ठळकपणे सांगत असे, याचा एक पुरावा आपल्या शेजारच्या गोव्यात मिळतो. तेथील इन्क्विझिशनने एप्रिल १७३६ मध्ये काढलेल्या फर्मानात धर्मांतरित ख्रिस्ती लोकांनी पाळू नयेत अशा चालीरीतींची लांबलचक जंत्री आहे. घराच्या आवारात वा बागेत तुळस ठेवू नये, असल्यास उपटून टाकावी, असे त्यात बजावलेले आहे. धर्म बदलल्यावरही लोक अंगणातली तुळस सोडत नव्हते, म्हणून तर असे फर्मान काढावे लागले. हे झाड ग्रंथांतून नव्हे, तर रोजच्या सवयीतून जपले जात होते, हाच याचा अर्थ.

पंचांगातील लागवड

ही सवय वर्षभर कशी चाले ते पाहण्यासारखे आहे. गेवराईकडे पावसाचा मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मृगाचा पाऊस झाला की वृंदावनाच्या आसपास पडलेले तुळशीचे बी आपोआप उगवते. आषाढात, एकादशीच्या सुमारास, त्यातले जोमदार रोप वृंदावनात लावायचे. याच दिवसांत मुक्ताईची पालखी गेवराईच्या वाटेने पंढरपूरकडे जाते आणि दिंडीतल्या बाया डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालतात. रोप लावायला याहून चांगला काळ नाही, कारण हवा उबदार आणि दमट असते व ऊन सौम्य असते.

पुढे चातुर्मासभर रोज पाणी, रोज पूजा. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीचे लग्न. तोपर्यंत रोप चार महिन्यांचे होऊन भरगच्च झालेले असते. लग्नाच्या निमित्ताने वृंदावनाची डागडुजी होते, गेरू किंवा चुना लागतो, माती खालीवर केली जाते. याच सुमारास मंजिऱ्या तपकिरी होऊन बी पक्व होते आणि पुढच्या वर्षाची सोय होते. त्यानंतर थंडी. मार्गशीर्ष-पौषात गेवराईकडच्या रात्री चांगल्याच गार असतात, तुळशीची वाढ मंदावते, पाने लहान व काळसर होतात. चैत्र-वैशाखात पारा ४० अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत काही ठिकाणी तुळशीवर गळती लावण्याची प्रथा आहे. बारीक भोकाच्या भांड्यातून थेंबथेंब पाणी झाडाच्या मुळाशी पडत राहते. ठिबक सिंचन हा शब्द आपल्या शेतीत रुळण्याच्या कितीतरी आधीची ही ठिबक आहे.

एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तुळस हे बारमाही झुडूप असले तरी दीर्घायुषी नाही. दोनतीन वर्षांत तिचे खोड लाकडासारखे होते आणि नवी पालवी कमी येते. पंचांगातील या व्यवस्थेत दरसाल नवे रोप तयार ठेवण्याची सोय होती. एकच झाड कायम जगले पाहिजे, ही अपेक्षा परंपरेतही नव्हती.

मंजिरी का खुडायची?

मंजिऱ्या वाढू देऊ नयेत, तुळशीला त्यांचा भार होतो, असे घरातल्या वडीलधाऱ्या बायका सांगतात. विठ्ठलाला वाहायला मंजिरीसह कोवळे शेंडेच खुडले जातात. म्हणजे पूजेच्या निमित्ताने झाडाची नियमित छाटणी होते. यामागचे शास्त्र उलगडायला मात्र बराच काळ लागला.

१८८० साली चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी, रोपाच्या टोकाकडून खालच्या भागाकडे काहीतरी प्रभाव जातो, असे प्रयोगांनी दाखवले. हा प्रभाव म्हणजे एक पदार्थच आहे, हे नेदरलँड्समधील फ्रिट्स वेंट यांनी १९२६ च्या सुमारास सिद्ध केले. त्या पदार्थाला पुढे ऑक्सिन हे नाव मिळाले. १९३३ मध्ये केनेथ थिमन आणि फोल्क स्कूग यांनी एका जातीच्या घेवड्याच्या रोपांचे शेंडे कापले, तेव्हा पानांच्या बगलेतल्या कळ्या वाढू लागल्या. कापलेल्या जागी ऑक्सिन लावले, तेव्हा त्या कळ्या निद्रिस्तच राहिल्या. शेंड्याकडून खाली येणारे संप्रेरक बाजूच्या कळ्यांना रोखून धरते, हे त्यामुळे कळले. या कामात भाग घेणारा स्ट्रिगोलॅक्टोन नावाचा संप्रेरकांचा आणखी एक गट २००८ मध्ये उजेडात आला.

तुळशीची पाने देठावर समोरासमोर जोडीने येतात. म्हणून पानांच्या जोडीच्या थोडे वर शेंडा खुडला की बगलेतून दोन फांद्या फुटतात. त्या दोन्ही खुडल्या की चार, मग आठ. भरगच्च तुळशीचे रहस्य या साध्या गणितात आहे. उलट मंजिरी राहू दिली तर त्या फांदीची वाढ तेथेच संपते, झाडाचे अन्न बी भरण्याकडे वळते आणि खालची पाने गळू लागतात. त्यामुळे बायकांनी सांगितलेला ‘भार’ हा शब्द अगदी योग्य होता.

डासांची गोष्ट

आता दुसरी बाजू पाहू. तुळशीविषयी सांगितले जाणारे सारेच कसोटीला उतरते असे नाही.

मुंबईत भायखळ्याला १८६२ मध्ये व्हिक्टोरिया गार्डन लोकांसाठी खुले झाले. आजची ती जिजामाता उद्यानाची, राणीच्या बागेची, जागा. या बागेच्या कामात पुढाकार घेणारे डॉ. जॉर्ज बर्डवुड मूळचे बेळगावात जन्मलेले. १९०३ साली त्यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये एक पत्र लिहिले. बाग तयार होत असताना कामगार डासांनी हैराण झाले होते. हिंदू व्यवस्थापकांच्या सांगण्यावरून बागेच्या सीमेवर सर्वत्र तुळस लावली, तेव्हा डास हटले आणि माळ्यांमधला ताप नाहीसा झाला, असे त्यांनी त्यात म्हटले होते. त्याआधी सहाच वर्षे, २० ऑगस्ट १८९७ रोजी, रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या शरीरात मलेरियाचे परोपजीवी पाहिले होते. सिकंदराबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि आपली गेवराईही. बर्डवुड यांच्या पत्राची चर्चा त्यामुळे पुष्कळ झाली, आणि आजही ते पुरावा म्हणून दाखवले जाते.

पण हा पुरावा कितपत पक्का आहे? घटना आणि पत्र यांत सुमारे चाळीस वर्षांचे अंतर आहे. डास किंवा तापाचे रुग्ण मोजल्याचा आकडा पत्रात नाही. बाग उभारताना जमीन सपाट होते, खड्डे बुजतात, पाण्याला वाट मिळते, आणि एवढ्यानेही डास कमी होतात. तुळस न लावलेली तशीच दुसरी जागा तुलनेला नव्हती. पुढे १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतील मलेरियाचा तपास करून अहवाल दिला, तेव्हा बोट दाखवले गेले ते घरोघरच्या उघड्या विहिरी आणि टाक्यांकडे. त्या झाकणे हाच तेथे खरा उपाय ठरला. युजेनॉलयुक्त तेल डासांना नकोसे होते, हे प्रयोगशाळेत दिसते. परंतु कुंडीत शांत उभ्या असलेल्या झाडाच्या तैलग्रंथींतून हवेत येणारे द्रव्य फारच थोडे. तेव्हा तुळस जरूर लावावी, पण पाण्याचे रांजण झाकून ठेवणे आणि आठवड्यातून एकदा कोरडे करणे सोडू नये.

‘तुळस रात्रंदिवस प्राणवायू देते’ हे विधानही असेच. योगायोग असा, की या प्रश्नाचा इतिहास तुळशीच्याच कुळातल्या एका वनस्पतीपासून सुरू होतो. १७७१ मध्ये जोसेफ प्रिस्टली यांनी मेणबत्ती विझलेल्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळू शकली. १७७९ मध्ये यान इंगेनहाउस यांनी दाखवले की हे काम वनस्पतींचे हिरवे भाग फक्त प्रकाशात करतात. अंधारात वनस्पती आपल्यासारख्याच प्राणवायू घेतात. तुळस या नियमाला अपवाद नाही. तिची थोरवी सांगण्यासाठी खोट्या शास्त्राची गरजही नाही.

गेवराईच्या कुंडीसाठी

वृंदावनातून काय घ्यायचे हे कळले, म्हणजे कुंडीचे नियम आपोआप सुचतात.

पहिली गोष्ट मातीची. गोदाकाठची पोयट्याची जमीन सोडली तर तालुक्यात बरीच जमीन काळी आहे. ही माती पाणी धरून ठेवते, ओली असता फुगते, वाळली की भेगाळते. शेतात ती उत्तम, पण कुंडीत एकटी वापरली तर मुळे गुदमरतात. काळी माती, जाडी वाळू किंवा चाळलेला मुरूम आणि चांगले कुजलेले शेणखत असे तीन समान भाग घ्यावेत. कुंडी दहा ते बारा इंचांची, शक्यतो मातीची, तळाला भोक असलेली असावी. भोकावर खापरीचा तुकडा ठेवावा.

दुसरी गोष्ट पाण्याची. रोज तांब्याभर पाणी घालण्याची रीत बिनतळाच्या वृंदावनाला सोसत होती. कुंडीत मात्र बोट दीड-दोन इंच आत घालून पाहावे आणि माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. उन्हाळ्यात रोज, प्रसंगी दोनदा लागेल. थंडीत तीनचार दिवसांनीही पुरेल. पूजेसाठी रोज पाणी घालायचेच असेल तर पळीभर घालावे. दूध, हळदकुंकू, तेल कुंडीत पडू देऊ नये. दिवा आणि उदबत्ती झाडापासून दूर ठेवावी. कोनाड्याचे काम आता आपण करायचे.

तिसरी गोष्ट उन्हाची. किमान पाचसहा तास ऊन हवे. वैशाखात दुपारी मात्र पातळ पडद्याची किंवा भिंतीची सावली द्यावी.

चौथी गोष्ट खुडण्याची. रोप वीतभर झाले की पहिला शेंडा खुडावा आणि पुढे मंजिरी दिसताच काढावी. कार्तिकाच्या सुमारास दोनचार मंजिऱ्या बियांसाठी राखाव्यात. बी अतिशय बारीक असते. ते राखेत किंवा वाळूत मिसळून पेरावे आणि वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. उबदार दिवसांत आठपंधरा दिवसांत ते उगवते. मंजिरी न आलेल्या फांदीचा चारपाच इंचांचा तुकडा लावूनही रोप होते.

पानांवर पांढरे ठिपके पडून ती करपल्यासारखी दिसू लागली तर पानांची मागची बाजू पाहावी. तेथे लाल कोळी किंवा बारीक ढेकणासारखे कीटक सापडतात. पाण्याचा फवारा मारून ते धुऊन काढावेत, न भागल्यास निंबोळीचा अर्क फवारावा. तुळशीची पाने आपण खातो, म्हणून विषारी औषधे मुळीच नकोत.

वर्गासाठी एक प्रयोग

जूनमध्ये शाळा उघडताच सारख्या वयाची बारा रोपे सारख्या कुंड्यांत लावावीत. चार रोपांचे शेंडे व मंजिऱ्या नियमित खुडाव्यात, चारांना हात लावू नये आणि चारांच्या कुंड्यांची भोके बुजवावीत. दर शनिवारी उंची, फांद्या आणि पाने मोजून तक्ता करावा. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आलेख काढावा. शेंडा खुडल्याने काय होते आणि पाणी साचल्याने काय होते, हे मुले स्वतः मोजलेल्या आकड्यांतून सांगतील. बर्डवुड यांच्या पत्रात जी उणीव होती, ती न खुडलेल्या चार कुंड्या भरून काढतात, हेही त्यांच्या लक्षात आणून द्यावे.

भोके बुजवलेल्या कुंड्यांतील रोपे पावसाळ्यात बहुधा पिवळी पडून मान टाकतील. ती उपटून मुलांना मुळे दाखवावीत. काळी, मऊ, कुजलेली मुळे एकदा पाहिलेला विद्यार्थी, घरची तुळस वाळली म्हणून कोणी आईला किंवा वहिनीला बोल लावला, तर आधी कुंडीचे भोक तपासून पाहील.